सुंभ, पीळ आणि दादीचे हात

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी आम्ही मालवणकडच्या गावच्या घराची कौले उतरवली. घर खाडीच्या काठावर आहे. माळ्यावरून काय काय निघाले! फुटका कंदील, तांब्याचा बिनबुडाचा हंडा, दादाच्या जहाजावरच्या नोकरीची पत्र्याची पेटी. पेटीमागे काळपट पडलेल्या सुंभाचे एक भेंडोळे होते. काम करणाऱ्या मुलाने ते अंगणातल्या कचऱ्यात टाकले. मी उचलून आणले, झटकले आणि दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहिले. तुटले नाही. दादीला जाऊन तीस वर्षे झाली, आणि तिने पिळलेला सुंभ अजून धड होता.

त्या भेंडोळ्याने मला जे शोधायला लावले ते या लेखात लिहिते आहे. आपल्या किनाऱ्याचा इतिहास आपण किल्ल्यांवरून, आरमारावरून, बंदरांवरून सांगतो. तो इतिहास ज्या दोरीवर तोलला गेला ती दोरी घरात, मागच्या पडवीत, पोरांना सांभाळता सांभाळता बायकांनी वळली होती. तिचा हिशेब मात्र कुठे सापडत नाही.

मागच्या पडवीतले काम

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी कृती सांगते. नारळ सोलला की वरचे सोडण उरते. आमच्याकडे ती सोडणे खाडीच्या कडेला, भरती-ओहोटीचे पाणी येईल अशा खड्ड्यात पुरून ठेवत. वर चिखल आणि दगड. सहा महिने, कधी त्याहून जास्त. मचूळ पाण्यात सोडण कुजते, तंतूंना धरून ठेवणारा गर सुटतो, तंतू मात्र शाबूत राहतात. नारळाच्या काथ्यात लिग्निन नावाचे द्रव्य इतर वनस्पतींच्या तंतूंपेक्षा पुष्कळ जास्त असते, म्हणून त्याला खारे पाणी लवकर बाधत नाही. दादीला लिग्निन ठाऊक नव्हते. कुठला खड्डा उघडायची वेळ झाली हे तिला वासावरून कळायचे.

मग ती सोडणे धुऊन दांडक्याने बडवायची. भुसा झडला की उरायचा काथ्या. तो उन्हात वाळला की हाताने पिंजून मोकळा करायचा. त्यानंतरचे काम मला सगळ्यांत आवडायचे. दादी पाय पसरून बसायची, काथ्याच्या दोन बारीक बटा तळहाताखाली घेऊन पुढे सारायची, आणि हात मागे घेताना त्या दोन्ही एकमेकींभोवती आपोआप गुंडाळल्या जायच्या. पुढे, मागे. नवी बट जोडायची. पुढे, मागे. तिच्या बाजूला सुंभ हळूहळू साठत जायचा.

यातली खुबी मला फार उशिरा समजली. प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ असतो आणि पेड एकमेकांवर वळताना पीळ उलट्या दिशेने बसतो. एक पेड सुटू पाहतो तेव्हा दुसरा त्याला अडवतो. ना गाठ, ना डिंक, तरी दोरी सुटत नाही. फ्रान्समधल्या आब्री दू मारास नावाच्या ठिकाणी निअँडरथल माणसांच्या काळातला दोरीचा एक तुकडा सापडला; त्याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तुकडा जेमतेम सहा मिलिमीटरचा, वय चाळीस हजार वर्षांहून जास्त. झाडाच्या सालीच्या तंतूंचे तीन पेड एका दिशेने पिळून, मग उलट दिशेने एकत्र वळलेले. म्हणजे दादीच्या हाताची युक्ती शेतीहून, मातीच्या मडक्याहून, कदाचित आपल्या मानवजातीहूनही जुनी आहे.

शेजारच्या भंडारी काकी दुपारी आपला काथ्या टोपलीत घेऊन आमच्या पडवीत यायच्या. त्यांच्याकडे माड जास्त, आमच्याकडे सावली जास्त. दोघी समोरासमोर बसून सुंभ वळायच्या, बोलणे अखंड चालू. कुणाच्या मुलीचे ठरले, कुणाचा मुलगा मुंबईहून आला नाही, यंदा बांगडा का मिळेना. काकींच्या उपासाच्या दिवशी दादी चहाचा आग्रह धरायची नाही, आणि रमजानात काकी पाण्याचा तांब्या आमच्यासमोर तोंडाला लावायच्या नाहीत. यावर कुणी भाषण केले नाही. मी एकदा विचारले, "दादी, कंटाळा येत नाय?" ती म्हणाली, "हात चालत रवले काय मन जाग्यार रवता गो."

या आनंदाबद्दल मला शंका नाही. दादीच्या चेहऱ्यावर तो मी पाहिला आहे. त्याचबरोबर तिचे तळहातही पाहिले आहेत, भाकरीच्या तव्यासारखे खरखरीत. बाजारात सुंभ वजनावर जायचा. तिथला एक व्यापारी दर वेळी "ओलो हा" म्हणून वजनातून कापून घ्यायचा. मिळालेले पैसे ती बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. ईदेला आम्हां पोरांचे कपडे त्या डब्यातून यायचे, हे अम्मीने मला दादी गेल्यावर सांगितले.

अरबी ग्रंथांतला आपला काथ्या

शाळेत मला कुणी सांगितले असते की दादीचा सुंभ जगाच्या इतिहासात आहे, तर मी हसले असते. पण तो आहे, आणि अरबी ग्रंथांत ठळकपणे आहे.

अरबी समुद्रातली जुनी जहाजे खिळ्यांनी जोडलेली नसत, शिवलेली असत. फळ्यांच्या कडांना भोके पाडून काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना घट्ट शिवत. दहाव्या शतकात अबू झैद अस-सिराफी याने ओमानच्या लोकांबद्दल लिहिले आहे. ते माडांच्या बेटांवर सुतारकामाची हत्यारे घेऊन जात, माड तोडून फळ्या काढत, त्याच माडाच्या काथ्याने त्या शिवत, त्याचीच डोलकाठी करत, झावळ्यांचे शीड विणत, आणि शेवटी जहाजात नारळ भरून घरी परतत. एका झाडात अख्खे गलबत आणि वर मालही.

सुमारे १०३० मध्ये अल-बिरुनीने हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात या समुद्रातल्या बेटांचे दोन गट सांगितले, एक कवड्यांची बेटे आणि दुसरी 'कंबार'ची. कंबार म्हणजे जहाजांच्या फळ्या शिवायची काथ्याची दोरी. दोरी वळणाऱ्यांवरून बेटांना नाव पडावे, एवढी तिची किंमत होती.

मग इब्न बतूता. १३४२ मध्ये तो दिल्लीहून निघाला, गुजरातेतून जहाजाने दक्षिणेला आला आणि गोव्याजवळ उतरला. म्हणजे आपल्याच किनाऱ्यासमोरून गेला. पुढे मालदीवमध्ये तो काझी झाला. तिथला काथ्याचा उद्योग त्याने बारकाईने पाहिला. किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत सोडणे भिजवणे, दांडक्यांनी बडवणे, नंतर बायकांनी कातणे, हे सारे त्याने क्रमाने नोंदवले आहे. हिंद आणि येमेनची जहाजे याच दोरीने शिवतात, हेही सांगितले आहे. त्याचे कारण त्याने दिले ते असे: या समुद्रात खडक फार. खिळ्यांनी ठोकलेले जहाज खडकावर आपटले की फुटते, शिवलेले जहाज लवते आणि टिकते.

ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा 'बायकांनी कातणे' या दोन शब्दांवर थांबले. चौदाव्या शतकातल्या एका काझीने लिहून ठेवलेली कृती आणि माझ्या दादीची कृती, यांत एका पायरीचाही फरक नव्हता. खड्डा तोच, दांडका तोच, हातही बायकांचेच.

लहानपणी अम्मपारा पाठ करताना सूरह लहबचा शेवटचा शब्द 'मसद' यायचा. मसद म्हणजे खजुरीच्या झाडाचा पिळलेला तंतू, असे मौलवीसाहेबांनी सांगितले. मी घरी येऊन दादीला म्हटले, कुराणात तुझा सुंभ आहे. तिला त्या सूरहमधली दोरी कुणाच्या गळ्यात पडते ते माहीत होते. तिने माझ्या टाळक्यात हलकी टपली मारली. ती म्हणाली, त्यापेक्षा सूरह नहलमधली बाई लक्षात ठेव, जिने घट्ट कातलेले सूत स्वतःच्याच हाताने उसवून टाकले. तिथे ती उपमा शपथ मोडणाऱ्यांसाठी आली आहे. दादीने ती आयुष्यभर वापरली. दिलेला शब्द फिरवणाऱ्या प्रत्येकाला ती 'कातलेला उसवणारो' म्हणायची.

दर्यासारंग, मायनाक आणि ज्यांची नावे नाहीत

आमच्या घरापासून सिंधुदुर्ग किल्ला फार लांब नाही. मालवणजवळच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याची पायाभरणी केली आणि १६६७ पर्यंत तो उभा राहिला. महाराजांच्या आरमाराच्या सुभेदारांत सभासदाची बखर दोन नावे घेते, दर्यासारंग हा मुसलमान आणि मायनाक हा भंडारी. दौलतखानाचे नावही त्या आरमाराच्या इतिहासात मानाने येते.

ही नावे वाचताना मला नेहमी आमची पडवी आठवते. एका बाजूला मुसलमानाच्या घरची बाई, दुसऱ्या बाजूला भंडाऱ्याच्या घरची. आरमार म्हटले की गुराबा आणि गलबते डोळ्यांसमोर येतात. गलबताला शीड ताणायला दोर लागतो, नांगराला दोर लागतो, धक्क्याला बांधायला दोर लागतो. माडांच्या या मुलखात तो दोर काथ्याचाच असणार. सुभेदारांची नावे बखरीत राहिली हे चांगलेच झाले. दोर वळणाऱ्या हातांची नावे कुणी विचारलीच नाहीत.

समुद्राची भाषाही आपण अशीच मिळून वळली आहे. नाखवा हा शब्द फारसी नाखुदावरून आला आणि कोळ्यांच्या तोंडी कायमचा बसला. सारंग, खलाशी हे शब्दही फारसी-अरबीतून आले. माझा दादा मुंबईहून बोटीवर जायचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांतले पुरुष तेव्हा आगबोटींवर खलाशी होते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्याआधी आम्हीही रत्नागिरी जिल्ह्यातच. दादा वर्ष-दीड वर्षाने घरी यायचा. तोवर घर चालायचे ते मनिऑर्डरवर आणि सुंभावर.

काथ्याचा हिशेब सत्ताधाऱ्यांना मात्र पक्का ठाऊक होता. पोर्तुगीज त्याला 'काइरो' म्हणत आणि आपल्या जहाजांसाठी मालदीवकडून तो वसूल करत. मूळ शब्द मल्याळममधला 'कयर'; इंग्रजीतला 'कॉयर' तिथूनच आला. लक्षद्वीपच्या बेटांवर कण्णूरच्या अली राजाच्या घराण्याने अठराव्या शतकात काथ्याची मक्तेदारी बसवली. बेटावरच्या घराघरांत वळलेली दोरी राजालाच, तो ठरवील त्या भावाने विकायची. अमिनदिवी गटातली बेटे या जाचाला इतकी कंटाळली की १७८० च्या दशकात ती उठाव करून टिपू सुलतानाच्या छत्राखाली गेली. राजाही मुसलमान, प्रजाही मुसलमान. भांडण दोरीच्या भावाचे होते. ते वाचताना मला "ओलो हा" म्हणणारा बाजारातला व्यापारी आठवला.

१९८१ चा एक प्रश्न

जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी जनगणना होती. फेब्रुवारीत एक मास्तर कागद घेऊन आमच्या घरी आले. मी आठ वर्षांची होते. दादा नुकताच कायमचा घरी आला होता. मास्तरांनी एकेकाचे नाव, वय, काम विचारले. दादीच्या नावापाशी ते म्हणाले, "ह्या काय करतत?" दादा म्हणाला, "काय नाय. घरातच असता." मास्तरांनी लिहून घेतले. दादी तिथेच, दोन हातांवर, सुंभ वळत बसली होती. तिने मान वर केली नाही. हातही थांबला नाही.

दादा वाईट माणूस नव्हता. सगळे जे म्हणायचे तेच तो म्हणाला. आपल्या जनगणनेत केवळ घरकाम करणारी बाई 'काम न करणाऱ्यां'मध्ये मोजली जाते, आणि सुंभ वळणे हे घरकामातच जमा होते, कारण ते घरात, भात शिजेपर्यंतच्या वेळात, पाळण्याला झोका देता देता होत होते.

नेमक्या याच मुद्द्यावर अभ्यासकांनी लिहिले आहे. मानववंशशास्त्रज्ञ जुडिथ ब्राऊन यांनी १९७० मध्ये विचारले, जगभर काही ठरावीक कामे बायकांकडेच का आली? त्यांचे उत्तर असे: मूल सांभाळता सांभाळता जे करता येते ते काम बायकांकडे राहिले. ज्यात मुलाला धोका नाही, जे मध्येच सोडून पुन्हा धरता येते, ज्याला सतत डोळे लावून बसावे लागत नाही, जे घराजवळ होते, असे काम. एलिझाबेथ वेलँड बार्बर यांनी १९९४ च्या 'विमेन्स वर्क: द फर्स्ट २०,००० इयर्स' या पुस्तकात हाच धागा पकडून कातण्या-विणण्याचा वीस हजार वर्षांचा इतिहास मांडला. त्यांची एक अडचण आपल्याही कामाची आहे. कापड आणि दोर कुजतात, दगड आणि लोखंड टिकतात. त्यामुळे टिकाऊ वस्तूंचा इतिहास ठसठशीत दिसतो आणि बायकांचा पुसट.

आमच्या घरात सुंभ कुठे कुठे होता ते मी आठवून पाहिले. विहिरीच्या पोहऱ्याला, गाईच्या दाव्याला, दुधाचे मडके टांगायच्या शिंक्याला, दादाच्या बाजेला, माडावर चढायच्या फासाला, गवताच्या भाऱ्याला, आणि आम्हां सगळ्या भावंडांच्या पाळण्याला. किनाऱ्यावर गाबित बांधव रापण ओढत तेव्हा जाळ्याच्या दोन टोकांचे लांबच लांब दोर पन्नास-साठ माणसे मिळून खेचत. ओढायला जो हात लावील त्याच्या वाट्याला मासळी यायची. आम्ही पोरेही शेपटाला लटकायचो आणि चार तारल्या घेऊन घरी यायचो. ते दोरही पूर्वी काथ्याचेच.

नायलॉन आले

मग नायलॉन आले. हलके, बारीक, न कुजणारे. मच्छीमारांनी ते घेतले यात त्यांची चूक नव्हती. तागाची आणि सुताची जाळी दर थोड्या दिवसांनी वाळवायची, सालीच्या काढ्यात बुडवायची कटकट गेली. विहिरीवर पंप बसला, पोहरा गेला. गाय गेली, दावे गेले. बाजेच्या जागी खाट आली. सुंभ तुटून संपला नाही, त्याची गरज एकेका खोलीतून निघून गेली. खाडीकाठचा खड्डा बुजला. दादी शेवटची काही वर्षे कुणी घेणारे नसतानाही थोडा थोडा वळायची. माळ्यावरचे भेंडोळे त्या दिवसांतले असावे.

काथ्या मात्र संपलेला नाही. केरळात अलप्पुळ्याला जेम्स डॅरा याने १८५९ मध्ये चटयांचा पहिला कारखाना काढला, तेव्हापासून तो मोठा उद्योग आहे. १९५३ च्या कायद्याने कॉयर बोर्ड झाले. आपल्याकडे वेंगुर्ल्यात महिला काथ्या कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने काथ्या उद्योगासाठी धोरण आणले. यंत्रावर का होईना, बाईच्या हाताला तिच्या नावाने मजुरी मिळते हे मला मोलाचे वाटते. दादीला ती कधी मिळाली नाही.

शिवलेली जहाजेही परत आली. १९८० मध्ये टिम सेव्हरिन यांनी ओमानात 'सोहार' हे जहाज जुन्या पद्धतीने बांधले. त्यासाठी शेकडो मैल लांबीचा काथ्याचा दोर लागला, आणि फळ्या शिवायला लक्षद्वीपचे कारागीर गेले. ते जहाज मस्कतहून निघून १९८१ मध्ये चीनला पोचले. म्हणजे मास्तर आमच्या ओसरीवर बसून "काय नाय" लिहून घेत होते, त्या वेळी तशाच सुंभाने शिवलेले जहाज समुद्रात होते. अलीकडे, मे २०२५ मध्ये, भारतीय नौदलात 'कौंडिण्य' हे शिवलेले जहाज दाखल झाले. त्याचा आराखडा अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रावरून घेतला आणि ते शेजारच्या गोव्यात बांधले गेले.

पीळ

'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही म्हण आपण ताठ्यासाठी वापरतो. सुंभ खरोखर जळताना मी पाहिला आहे. कासवछाप येण्याआधी संध्याकाळी डासांसाठी दादी सुंभाचा तुकडा पेटवून ठेवायची. सकाळी राखेची दोरी तशीच पडलेली असायची, पेडन् पेड दिसायचा. फुंकर घातली की मोडायची.

आमच्या घरांतल्या या गोष्टी आत्ता त्या राखेच्या दोरीसारख्या आहेत. दिसतात, पण हात लावायला कुणी उरले नाही की जातील. म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या दादी-नानीने, आजीने, फुफीने, मावशीने हाताने काय केले ते विचारा. सुंभ असेल, गोधडी असेल, जाळे असेल, क्रोशाची टोपी असेल. ती वस्तू कशी करायची, तिला घरात काय म्हणत, ती विकली गेली का, पैसे कुणाकडे गेले, आणि करताना बाई काय गुणगुणायची, हे सगळे तारखेसकट लिहून ठेवा. 'छंद होता' एवढेच लिहू नका, आणि नुसते 'कष्ट होते' असेही लिहू नका. दोन्ही लिहा.

ते भेंडोळे मी कचऱ्यातून आणले त्याचे पुढे काय झाले तेही सांगते. काही हात सुंभ माझ्या भाचीने अंगणातल्या आंब्याला झोपाळा बांधायला मागितला. अम्मी म्हणाली, जुना आहे, तुटेल. मी आधी स्वतः बसून पाहिले. मग तिला बसवले. उरलेला सुंभ समोर धरून मी काथ्याच्या दोन बटा तळहाताखाली घेतल्या. पहिल्या तीन वेळा पीळ सुटला. चौथ्या वेळी बसला.